बिनस्टिकरचा डबा

धम्मप्रिया उद्या दुपारी लातूरहून परत येईल. पर्स खांद्यावरून उतरवायच्या आधी ती स्वयंपाकघरात जाईल, नळाला टांगलेलं फडकं हाताने दाबून चक्का किती घट्ट झालाय ते बघेल, आणि म्हणेल, "आई, छान बांधलायस." त्यानंतर मी तिला काय म्हणायचं, हे संध्याकाळपासून मला सुचत नाही. तो चक्का ज्या चीजकेकसाठी बांधलाय, तो ज्या साखरपुड्यात कापणार आहेत तिथला मुलगा कोण, हे तिला ठाऊक नाही. मला ठाऊक आहे.

घरातले झोपलेत. मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवते. लिहिण्याची सवय पेपर तपासण्यापुरतीच. पण माझ्या मुलीबद्दल कुणाला तरी नीट, पहिल्यापासून सांगितलं, तर उद्या काय बोलायचं ते मला कळेल असं वाटतंय.

लहानपणी तिचे बाबा "उद्या माळेगावच्या यात्रेला नेतो" म्हणाले, की ती रात्रीच नवा फ्रॉक घालून झोपायची. बाबांची रेल्वेच्या विभागीय कार्यालयातली नोकरी. कधी सुट्टी मिळायची, कधी नाही. नाही मिळाली तर ती फ्रॉक काढून घडी घालायची आणि म्हणायची, "मग परवा." रुसायची नाही. दिलेला शब्द फार तर लांबतो, मोडत नाही, असं तिचं तेव्हापासूनचं गणित.

दहावीनंतर आमच्याकडची हुशार मुलं लातूरला जातात, तशी तीही गेली. डॉक्टर व्हायचं होतं. ते झालं नाही. तिथेच बी.एस्सी. केलं आणि एका क्लासमध्ये बायोलॉजीच्या मुलांच्या शंका सोडवायला लागली. मिहिर त्याच क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचा. तोही मूळचा नांदेडचाच. शनिवारी संध्याकाळच्या बसने दोघं एकत्र यायला लागली, आणि एक दिवस ती मला भाजी निवडताना म्हणाली, "आई, मिहिरला मेथी आवडत नाही." माझ्या लक्षात आलं. मी मेथी निवडत राहिले.

करोनात क्लास बंद पडले आणि ती घरी आली. इथे बसून काय करायचं, तर केक. आधी कुकरमध्ये मीठ पसरून, मग ओव्हन घेऊन. वाढदिवसाचे, बारशाचे, निवृत्तीचे केक ती चांगले करायची. पण तिच्या मनात भरला तो चीजकेक. तो तिने कुठेतरी मोबाइलवर पाहिला होता: खाली बिस्किटांचा थर, मध्ये पांढरं मऊ, त्यावर कसल्याशा परदेशी दाण्यांचं क्रीम आणि सगळ्यात वर काळंभोर चॉकलेट. पहिल्यांदा केला तेव्हा तिने पिझ्झ्यावर घालतात ते चीजचे क्यूब किसून घातले. नावातच चीज आहे म्हटल्यावर दुसरं काय घालणार. माझ्या सासूबाई, सुमनबाई, भोकरहून आलेल्या होत्या. त्यांनी घास तोंडात धरून ठेवला आणि विचारलं, "हे गोड हाय का खारट?"

"आजी, तुला काय वाटतं?"

"मला वाटतं गिळावं का न्हाई."

तो केक आम्ही तिघी हसत हसत टाकून दिला. मग तिने चक्क्यावर करून पाहिला. श्रीखंडाला बांधतो तसं दही माझ्या जुन्या सुती ओढणीत बांधायचं, रात्रभर टांगायचं. उन्हाळ्यात नांदेडला रात्रभर ठेवलं तर आंबतं, म्हणून फ्रिजच्या मधल्या कप्प्यात चाळणीवर. त्यात मिल्कमेड, साय, थोडं कॉर्नफ्लोअर. ओव्हनमध्ये पाण्याच्या ताटात ठेवून मंद भाजायचा, आणि झाल्यावर लगेच बाहेर काढायचा नाही. दार किलकिलं करून आतच निवू द्यायचा. नाहीतर मधोमध भेग पडते. हे सगळं मी इतक्या वेळा पाहिलंय की आता मलाही येईल.

परदेशी दाणे इथल्या बाजारात नव्हतेच. काजूचं क्रीम करून पाहिलं, ते गोडगोड आणि मिळमिळीत लागलं. शेवटी शेंगदाणे. खरपूस भाजायचे, सालं पाखडायची, तेल सुटेपर्यंत वाटायचे, त्यात बारीक गूळ आणि फेटलेली साय. त्या क्रीमला जी चव आली, ती आमच्या घरात कुणीच आधी खाल्लेली नव्हती आणि तरी सगळ्यांना ओळखीची वाटली. बिस्किटांचा थर मात्र तिला सपक वाटत होता. तेव्हा सुमनबाई म्हणाल्या, "जवस घाल की. भोकरहून आणलाय, डब्यात पडून हाय." त्यांच्या हातची जवसाची चटणी आम्ही वर्षभर खातो. धम्मप्रियाने जवस भाजून, भरड कुटून बिस्किटांच्या चुऱ्यात मिसळला. दाताखाली बारीक कुरकुरीतपणा यायला लागला. केकात जवस घालणारं नांदेडात दुसरं कुणी मला तरी माहीत नाही.

मिहिर आमच्याकडे पहिल्यांदा आला तो हाच चीजकेक खायला. क्लास पुन्हा सुरू झाले होते, तो लातूरला परतला होता आणि सुट्टीत घरी यायचा. सोफ्याच्या कडेला बसून पहिला घास घेतला आणि म्हणाला, "खाली हे काय आहे? खसखस?"

"खसखस म्हने," सुमनबाई म्हणाल्या. "मास्तर हाव ना तुमी? पोरांना काय शिकवता?"

"फिजिक्स, आजी."

"त्यात जवस नसतो का?"

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मग आजीने त्याच्या तळहातावर चिमूटभर भाजलेला जवस ठेवला, वास घ्यायला लावला, चावायला लावला. "आता इसरू नका." "नाही विसरणार," तो म्हणाला. निघताना माझ्या पाया पडला. धम्मप्रियाने गल्लीच्या टोकापर्यंत त्याला सोडलं आणि परत येऊन उरलेला तुकडा बशीतूनच खाल्ला.

मला तो आवडला होता. हे मी लपवत नाही. नंतर एकदा ती अर्धापूरला ऑर्डर द्यायला गेली असताना तो एकटाच येऊन मला म्हणाला, "काकू, मला घरच्यांना तयार करायला थोडा वेळ द्या. दिवाळीनंतर मी बोलतो." कशासाठी वेळ लागणार हे त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आम्ही सोनकांबळे, ते जोशी. दोघांनाही ते माहीत होतं. नागसेन, माझे यजमान, तेव्हा म्हणाले होते, "वेळ मागतोय म्हणजे विचार करतोय." मी मान डोलावली. दिवाळी होऊन गेली. "बाबांची शुगर वाढलीय, जरा थांबू," असं त्याने धम्मप्रियाला सांगितलं. ती म्हणाली, "मग संक्रांतीनंतर." रुसली नाही.

आता सौदामिनीताईंचं सांगते. त्या माझ्या शाळेत संस्कृत शिकवतात. आमचे तास लागून असतात, डबे एकत्र उघडतो. त्यांच्या मुलीसाठी, मुग्धासाठी, स्थळं बघणं चालू होतं. गेल्या आठवड्यात त्या म्हणाल्या, "सोनकांबळे मॅडम, रविवारी पाहुणे येतायत. पोहे आणि सोबत धम्मप्रियाचा तो चॉकलेटचा चीजकेक. पण डब्यावर स्टिकर नको हं. मुग्धाने केलाय म्हणायचंय."

यात नवीन काही नाही. बघण्याच्या कार्यक्रमात जे पुढे येतं ते मुलीनेच केलेलं असतं. चकली शेजारणीची असली तरी, आणि सगळ्यांना माहीत असलं तरी. धम्मप्रियाकडे अशा ऑर्डरी नेहमी येतात. तिच्या स्टिकरवर पिंपळाचं पान आहे आणि खाली 'धम्मप्रियाचा ओव्हन'. अशा घरांसाठी ती कोरा डबा वापरते आणि म्हणते, "आई, हा बिनस्टिकरचा. आणखी एक लग्न मी जमवणार." त्या रविवारीही हसत हसतच म्हणाली. स्टिकर नको यामागे मुग्धाचं कौतुक एवढंच कारण होतं, की त्या पानाचं आणि त्या नावाचंही काही होतं, हे मी तेव्हा मनात आणलं नाही. आता रोज येतं. सौदामिनीताईंना विचारायची मात्र हिंमत होत नाही. त्यांनी "काहीतरीच काय" म्हटलं तर ते खरं मानायला मला आवडेल, आणि मानता येणार नाही.

सोमवारी मधल्या सुट्टीत त्या खुशीत होत्या. "जमलं हो. मुलाने तिथेच होकार दिला. आणि गंमत ऐका. केक खाल्ला आणि मुलगा एकदम म्हणाला, यात जवस आहे ना? मुग्धाला काय माहीत, ती माझ्याकडे बघायला लागली. मीच म्हटलं, हो हो, तिचीच कल्पना. त्याच्या आईने विचारलं, तुला रे कसं कळलं? तर म्हणतो, आमची आजी चटणी करायची ना, वासावरून ओळखलं. मग दुसरा तुकडा मागून घेतला."

माझ्या हातात पोळीचा तुकडा होता. मी विचारलं, "मुलगा काय करतो?"

"लातूरला क्लासमध्ये शिकवतो. थांबा, फोटो दाखवते."

फोटोत तो मुग्धाच्या शेजारी उभा होता. हातात बशी. बशीत आमच्या घरचा चीजकेक, कडेने चॉकलेट ओघळलेलं. मिहिरच्या दोन्ही आज्या तो लहान असताना गेल्या, हे त्याने आमच्या घरी, सुमनबाईंच्या समोर बसून सांगितलं होतं. "मला आजीच्या हातचं खायला मिळालंच नाही," म्हणाला होता, आणि सुमनबाईंनी त्याच्या बशीत आणखी वाढलं होतं. त्या दिवशी ज्या आजीने त्याला जवस ओळखायला शिकवलं, तिलाच त्याने तिथे आपली आजी करून सांगितलं.

तरी दोन दिवस मी वाट पाहिली. वाटलं, नाही म्हणेल. घरच्यांच्या जबरदस्तीने गेला असेल, परत येऊन सांगेल. मग मुग्धाचा धम्मप्रियाला फोन आला: साखरपुडा पुढच्या आठवड्यात शुक्रवारी, तसाच चीजकेक पण मोठा, वर चॉकलेटने दोघांची नावं. "मुलाचं नाव कसं लिहायचं ते घरी विचारून कळवते," म्हणाली. धम्मप्रियाने ऑर्डर घेतली आणि मला म्हणाली, "बघ, जमवलं की नाही मी."

म्हणजे मी काहीच बोलले नाही तर असं होणार: ती केक भाजेल, निववेल, दाण्याचं क्रीम लावेल, चॉकलेट ओतेल, आणि हातात नावं लिहायचा चॉकलेटचा कोन धरून उभी असताना मोबाइलवर ते नाव येईल.

काल मी भूगोलाच्या खोलीत दार लावून त्याला फोन केला.

"हाव काकू, बोला ना." आवाज नेहमीचाच.

"मिहिर, रविवारचा चीजकेक कसा होता?"

"काकू, मी सांगणारच होतो."

"कुणाला?"

"धम्मूला. तुम्हालाही."

"खाल्लास तेव्हा कळलं होतं ना कुणी केलाय ते?"

"पहिल्या घासालाच. तोंडातून निघून गेलं. मग सावरून घ्यावं लागलं."

"आणि दुसरा तुकडा?"

"सगळे बघत होते काकू. नाही घेतला असता तर वाईट दिसलं असतं."

हे वाक्य तेव्हापासून माझ्या कानात आहे. कुणाला वाईट दिसलं असतं, हे त्याने किती सहज ठरवून टाकलं होतं.

"घरात मी खूप बोललो," तो सांगत राहिला. "आई जेवायचीच बंद झाली. बाबांचं तुम्हाला माहितीये. आमच्याकडचं सगळं तुम्हाला माहितीये ना."

"माहितीये."

"तिला आत्ताच सांगू नका. साखरपुडा एकदाचा होऊ द्या, मग मी तिला भेटून व्यवस्थित सांगतो. ती समजून घेईल, तिचा स्वभाव तसा आहे. आणि मुग्धा साखरपुड्यालाही तोच केक म्हणतेय, तो तिच्याकडून नको करून घ्यायला. तुम्ही ओव्हन बिघडला म्हणून सांगा ना मुग्धाच्या आईला."

"मी खोटं बोलू?"

"तिच्यासाठीच म्हणतोय काकू."

मी फोन ठेवला. भिंतीवरच्या नकाशातल्या गोदावरीकडे बघत घंटा होईपर्यंत उभी राहिले. मला राग आला होता, पण रागाहून जास्त लाज वाटत होती, आणि ती माझी नव्हती. माझ्या घरी येऊन जेवलेल्या मुलाची लाज मला का वाटावी, कळत नाही.

आज धम्मप्रिया लातूरला आहे. तिथल्या एका महिला मंडळाने तिला चीजकेक शिकवायला बोलावलं; रात्रीचा मुक्काम एका मैत्रिणीकडे. संध्याकाळी फोन आला.

"आई, काय करून राहिलीस? इथे सगळ्यांना दाण्याचं क्रीम इतकं आवडलं. एक बाई म्हणाली, जवस घातल्यामुळे हा उपासाला चालेल का?"

"आणि मिहिर? भेटला?"

"नाही गं. बाबांना बरं नाही म्हणून तो नांदेडलाच आलाय. आई, तू जाऊन भेटून ये ना त्यांना. काहीतरी डबा घेऊन जा. बरं दिसेल." मग म्हणाली, "आणि चक्का बांधून ठेव. साखरपुड्याच्या केकला उद्यापासूनच लागायला हवं. मोठा आहे, आधी एक करून बघते."

मी हो म्हटलं आणि खरंच चक्का बांधायला घेतला. दुसरं काय करावं ते कळेना. दही ओढणीत ओतताना सुमनबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांना आणि नागसेनना मी कालच सांगितलं होतं.

"कोनाला बांधून राहिली?" त्यांनी विचारलं.

"तिने सांगितलं."

"तिनं सांगितलं म्हनून? तिच्या हातून त्याच्या साखरपुड्याचं गोड करून घेती का?"

नागसेन जेवता जेवता म्हणाले, "आई, ती परगावी एकटी आहे. घरी येऊ दे, मग सांगू."

"घरी येईपत्तुर तो तिचाच हाय, असं तिला वाटतंय ना," सुमनबाई म्हणाल्या. "तेवढं लबाड आपुन बी नको." आणि न जेवता आत गेल्या.

मला नागसेनचं पटलं होतं. म्हणजे पटवून घेतलं होतं. ती घरी येईल, हात धुईल, मी चहा ठेवीन, मग तिच्या शेजारी बसून सांगेन. अगदी इथपर्यंत मी ठरवलं होतं. फक्त पहिलं वाक्य सापडत नव्हतं, आणि ते सापडेल म्हणून हे लिहीत होते.

आत्ता तिचा मेसेज आला. फोटो आहे: कापलेला चीजकेक, आणि बाजूला आमच्या स्टिकरचा छोटा डबा. खाली लिहिलंय, "एक तुकडा कमी गोडाचा करून वेगळा ठेवलाय, मिहिरच्या बाबांसाठी. बर्फाच्या पेटीत आणते. उद्या बसमधून उतरले की आधी त्यांच्याकडे देऊन मग घरी येते. घर मला माहितीये. मिहिरला सांगू नकोस, सरप्राइज."

म्हणजे ती चक्का बघायला आधी घरी येणारच नाही. पाहुण्यांची यादी आणि साड्यांचे बॉक्स मांडून बसलेल्या त्या घराच्या दारात ती तिचा डबा घेऊन उभी राहील. त्यावर पिंपळाचं पान असेल आणि तिचं नाव. दार कोण उघडेल, सांगता येत नाही. त्याची आई विचारेल, आपण कोण? आणि मिहिर मागे उभा असेल, आणि काय केल्याने वाईट दिसणार नाही याचा विचार करेल.

चहा ठेवून, हात धुऊन सांगायचं आता राहिलं नाही. मेसेज आत्ताच आलाय, म्हणजे ती जागी आहे. जिच्याकडे उतरलीय ती मैत्रीण तिच्या सोबत आहे, एवढं तरी बरं. नागसेनना उठवणार नाही. मुग्धाला ऑर्डर नाही म्हणून कळवायचं ते सकाळी कळवेन, आणि ओव्हन बिघडलाय असं सांगणार नाही. मिहिरला आता फोन करायचं मला कारण उरलेलं नाही.

धम्मप्रियाला लावते. ती म्हणेल, "आई, अजून जागी?" मी तिला आधी बसायला सांगेन. मग विचारेन, गेल्या रविवारच्या बिनस्टिकरच्या डब्यात जवस घातला होतास ना. ती हो म्हणेल. तिथून पुढचं सांगायला मला जमेल.